गवतकापणीचें यंत्र आणि मालकाची जबाबदारी

हस्ताचा पाऊस ओसरला आणि हळवीं भातें पिवळीं पडूं लागलीं कीं ठाणें जिल्ह्यांतील वरकस जमिनींवर गवतकापणीची घाई सुरू होते. गवत एकदां फुलोरा टाकून कुसळावर आलें म्हणजे त्याचा कस उतरतो. गुरें तें नाखुषीनें खातात व गिऱ्हाईक भाव पाडून मागतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. भाताची कापणी आणि गवताची कापणी अशीं दोन्हीं कामें एकदम अंगावर येतात. मजूर पुरेसा मिळत नाहीं, आणि मिळालेला मजूर दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जाणार हेंही ठाऊक असतें. अशा वेळीं थोड्या दिवसांत पुष्कळ काम उरकण्याची प्रत्येकाची धडपड असते, आणि माणसें जायबंदी होतात तीं याच धडपडींत. गवताच्या जाती, त्याची साठवण, त्याचा भाव यांवर शेतकी मासिकांतून नेहमीं लिहिलें जातें. तें गवत कापणाऱ्या माणसाच्या हातापायांचा व डोळ्यांचा विचार क्वचितच होतो. तो विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

या जिल्ह्यांत गवत हें फुकटचें रान कधींच नव्हतें. मुंबई शहर वाढूं लागलें तेव्हांपासून तेथील घोड्यांच्या तबेल्यांस व पुढें म्हशींच्या गोठ्यांस लागणारें वाळलें गवत ठाणें, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड या बाजूनें जात आलें. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आणि १८५४ सालीं कल्याणपर्यंत आगगाडी आली, तेव्हां या मालास नवी वाट मिळाली. भाताच्या राबास गवत लागतें, घरच्या गुरांस लागतें, आणि उरलेलें विकून चार पैसे हातीं येतात. ज्या जमिनींत भात होत नाहीं त्या जमिनींनींही अशा रीतीनें कुळंबी, आगरी व आदिवासी कुटुंबांस आधार दिला आहे.

आतां परिस्थिति पालटली आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ सालीं स्थापन झाली. तिच्या हद्दींतील सत्तावीस गांवें २००२ सालीं वगळलीं गेलीं व २०१५ सालीं पुन्हां घेतलीं गेलीं. या ओढाताणींत कित्येक भातखाचरें पडीक राहिलीं आणि त्यांत कमरेइतकें गवत माजलें. दुसऱ्या बाजूस ठाण्याचा घोडबंदर रस्ता, कल्याणचें खडकपाडा, डोंबिवलीजवळचें निळजें अशा ठिकाणीं मोठमोठीं गृहसंकुलें उभीं राहिलीं आणि त्यांच्या अंगणांत हिरवळी आल्या. ज्याच्या आजानें माळावरचें गवत विळ्यानें कापलें, त्याचाच नातू आज संकुलाची हिरवळ कापण्याचा मक्ता घेतो. माळ असो कीं हिरवळ असो, काम आतां बहुतेक ठिकाणीं यंत्रानें होतें. माळावर व बांधावर खांद्याला पट्ट्यानें अडकविलेलें ब्रश कटर चालतें. हिरवळीवर चाकांचें, ढकलण्याचें यंत्र चालतें.

यंत्रास आमचा विरोध नाहीं. हिरवळ कापण्याचें यंत्र इंग्लंडांत एडविन बडिंग यानें १८३० सालीं काढलें; नायलॉनच्या दोरीनें गवत झोडणारें यंत्र अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं जॉर्ज बॅलस यानें १९७१ च्या सुमारास काढलें. ज्या यंत्रानें माणसाची पाठ वांकावयाची वांचते व एका दिवसांत कित्येक जणांचें काम होतें तें आमच्या शेतकऱ्यानें टाकून द्यावें, असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, हत्यार बदललें तरी काम करण्याची रीत आम्ही विळ्याचीच ठेविली आहे, आणि अपघाताचें मूळ तेथें आहे.

विळ्याच्या कामाची रीत सर्वांस परिचित आहे. माणसें शेजारीं शेजारीं पात धरून बसतात, पुढें सरकत कापतात, आणि त्यांच्या पाठोपाठ बायामुलें पेंढ्या बांधीत व भारे रचीत येतात. त्या कामांत जवळजवळ राहण्यानें नुकसान नव्हतें; उलट बोलतचालत काम लवकर उरकत असे. विळा चुकला तर धरणाऱ्याचेंच बोट कापलें जातें. यंत्राचें तसें नाहीं. यंत्र चुकलें तर दहा-वीस हातांवर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा जातो. म्हणून ब्रश कटर चालत असतां त्याच्या मागें दोन पावलांवर पेंढ्या गोळा करणारी बाई दिसली, कीं तेथें विळ्याची रीत यंत्राला लावली गेली आहे असें समजावें.

थोडा हिशेब मांडून पाहूं. ब्रश कटरचें लोखंडी पातें साधारणपणें २५५ मिलिमीटर व्यासाचें असतें. तें मिनिटास ७,००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारें ९३ मीटर, म्हणजे तासास सुमारें ३३५ किलोमीटर होतो. रुळावरून धांवणाऱ्या आपल्याकडील कोणत्याही आगगाडीहून हा वेग फार अधिक आहे. आमच्या माळावर मुरुमाचे खडे आहेत, बांधावर दगड आहेत, जुन्या कुंपणाच्या तारा गवतांत लपल्या आहेत. शहराजवळच्या खाचरांत तर फुटक्या बाटल्या व सळयांचे तुकडेही मिळतात. अशा वेगाच्या पात्यास त्यांपैकीं एखादी वस्तु लागली म्हणजे ती गोफणींतून सुटल्याप्रमाणें उडते. याच कारणास्तव यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकांत, यंत्र चालत असतां पंधरा मीटरांच्या आंत दुसऱ्या कोणीही असूं नये, असें सांगितलेलें असतें. पंधरा मीटर म्हणजे जवळजवळ पन्नास फूट. ही पुस्तिका मालकाच्या कपाटांत राहते, आणि यंत्र धरणाऱ्यास ती वाचून दाखविण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

दुसरी गोष्ट यंत्राच्या ढालीची. पात्याच्या मागें, चालविणाऱ्याच्या पायांकडे येणारे खडे अडविण्यासाठीं एक ढाल बसविलेली असते. उंच गवतांत ती अडते, तिच्यांत ओलें गवत गुंततें, आणि काम मंदावतें. म्हणून पहिल्याच हंगामांत ती काढून ठेवण्याची पद्धत पडली आहे. याहून वाईट पद्धत म्हणजे नायलॉनची दोरी लवकर झिजते म्हणून तिच्या जागीं लोखंडी तार किंवा साखळीचा तुकडा बांधणें. तार तुटली कीं तिचा तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा जातो. ही भीति काल्पनिक नाहीं. ब्रिटनमध्यें २०१० सालीं अशाच साखळीच्या जोडाची कडी निसटून एक मनुष्य प्राणास मुकला. त्यानंतर २०१२ सालीं युरोपीय कमिशननें हातानें धरावयाच्या ब्रश कटरांस असे अनेक तुकडे जोडलेले लोखंडी जोड विकण्यास मनाई करण्याचा हुकूम सर्व सभासद देशांस दिला. तिकडे बनविलेले जोड कारखान्यांतून तपासून निघत असतांही ही पाळी आली; मग आमच्याकडे मोटारसायकलीच्या जुन्या तारेनें केलेल्या जोडाची हमी कोण देणार?

तिसरा अपघात हिरवळीवरच्या यंत्राचा. पावसाळ्याच्या अखेरीस ओलें गवत पात्याभोंवतीं गुंडाळतें, यंत्र अडतें, आणि चालविणारा तें मोकळें करण्यासाठीं खालीं हात घालतो. गुंता सुटला कीं पातें फिरतें आणि बोटें जातात. अमेरिकेंत ३० जून १९८२ पासून, मागें चालत ढकलावयाच्या अशा नव्या यंत्रांस दांड्यावर एक मूठ असणें सक्तीचें झालें. ती सोडली कीं तीन सेकंदांच्या आंत पातें थांबलें पाहिजे, असा नियम आहे. अशी मूठ आपल्याकडे येणाऱ्या कित्येक यंत्रांवरही असते. परंतु दिवसभर ती दाबून हात भरून येतो, म्हणून ती दोरीनें दांड्याला बांधून टाकलेली आढळते. म्हणजे जीव वांचविण्याकरितां जी योजना केली तिच्याच गळ्यांत आम्ही दोरी बांधतों! विजेवर चालणाऱ्या यंत्रांत आणखी एक भय आहे. दवानें ओल्या हिरवळीवर लांब वायर ओढीत काम चाललें असतां ती वायरच पात्याखालीं येते. अशा जोडणीवर विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ बसविलेली नसेल, तर त्या संकुलाच्या चालकांस काम सुरू करण्यापूर्वींच तसें सांगावें, आणि ती बसेपर्यंत यंत्र लावूं नये.

यंत्र आलें म्हणून जुनें भय गेलें असेंही नाहीं. गवतांतलें जनावर हें आमच्या शेतकऱ्याचें फार जुनें भय आहे. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. बहुतेक मृत्यु खेड्यांतले होते. केंद्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें एक राष्ट्रीय कार्ययोजना जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणण्याचें ठरविलें आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर एकच लस चालते, आणि ती वेळेवर मिळाली तर बहुतेक माणूस वांचतो. विळ्यानें कापतांना डाव्या हातानें गवताचा झुबका धरावा लागतो, म्हणून तेथें हाताला दंश होण्याचें भय. यंत्रानें कापतांना भय पायाला आणि नंतर भारा उचलणाऱ्याच्या हाताला. यंत्राच्या आवाजांत घोणशीचा फूत्कार ऐकूं येत नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवावें. पात्याखालीं साप सांपडून तुटला तरी त्याचें तुटलेलें डोकें कांहीं वेळ चावूं शकतें. तें हातानें उचलूं नये.

येथपर्यंतची माहिती पुष्कळांस थोडीबहुत असेल. खरा प्रश्न पुढचा आहे. हीं सर्व भयें सोसतो कोण? जमिनीचा मालक सोसतो असें नाहीं. यंत्र मालकाचें, गवत मालकाचें, घाई मालकाची. पण यंत्र खांद्यावर घेतो तो मुरबाडकडचा ठाकूर, अंबरनाथ-शहापुराकडचा कातकरी किंवा पोटासाठीं परप्रांतांतून आलेला तरुण. त्याचा डोळा गेला तर त्याच्या घरचा दिवाच गेला.

शेतकऱ्यास अपघातांत आधार देणारी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना राज्यांत आहे. मृत्यु आल्यास अगर दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये, आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख रुपये तींतून मिळतात. सर्पदंशही तींत धरला आहे. परंतु ही योजना सातबाऱ्यावर नांव असलेल्या खातेदारासाठीं व त्याच्या कुटुंबांतील एका व्यक्तीसाठीं आहे. ज्याच्या नांवावर गुंठाभरही जमीन नाहीं त्या मजुरास तींत जागा नाहीं. म्हणजे गवत ज्याचें त्यास संरक्षण आहे, आणि गवत जो कापतो तो उघडा आहे. ही विषमता आमच्या वाचकांनीं शांतपणें विचारांत घ्यावी.

कायद्याची बाजूही मालकास विसरतां येणार नाहीं. मळणीयंत्रांत हात जाऊं लागले म्हणून १९८३ सालीं धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. त्याचा रोख मुख्यत्वें मळणीयंत्रावर आहे आणि ब्रश कटराचें नांव त्यांत नाहीं. परंतु त्याहून जुना १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. त्याच्या परिशिष्टांत, यांत्रिक शक्तीनें अगर विजेनें चालणाऱ्या साधनांनीं शेतीचें काम करणाऱ्या नोकराचा समावेश होता. तीच जबाबदारी आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आहे. आमच्या समजुतीप्रमाणें विळा धरणाऱ्या मजुराच्या हातीं मालकानें यंत्र दिलें कीं तो मजूर या कलमाच्या कक्षेंत येतो. जुन्या कायद्याच्या कोष्टकानें, महिना १५,००० रुपये मजुरी धरली असतां, तीस वर्षांच्या माणसाच्या मृत्यूची भरपाई पंधरा लाखांहून अधिक होत असे. माळावरच्या कितीही वर्षांच्या गवताची एवढी किंमत होईल काय? यंत्र मजुराचें स्वतःचें असलें व काम उक्तें दिलें असलें तर कायद्याचा प्रश्न निराळा होईल. माणुसकीचा प्रश्न निराळा होत नाहीं.

यावर आमचे कांहीं शेतकरी बंधु तीन आक्षेप घेतात. पहिला असा कीं, चष्मा, बूट दिले तरी मजूर ते वापरीत नाहींत. हें पुष्कळ अंशीं खरें आहे. कार्तिकाच्या उन्हांत बंद चष्म्याच्या कांचेवर घाम धरतो आणि दिसेनासें होतें. पण त्यावर उपाय आहे. तोंडापुढें लोखंडी बारीक जाळीची मुखपट्टी मिळते. तिच्यावर घाम धरत नाहीं आणि खडा अडतो. तिच्या आंत साधा हवेशीर चष्मा असला म्हणजे कचराही डोळ्यांत जात नाहीं. शिवाय मजुरी कामाच्या भाऱ्यावर ठरविली कीं मजूर घाई करणारच. रोजानें मजुरी ठरविली आणि चष्मा लावल्याशिवाय यंत्र सुरू व्हावयाचें नाहीं असें मालकानें एकदां ठामपणें सांगितलें, तर चार दिवसांत संवय लागते. दुसरा आक्षेप खर्चाचा. मुखपट्टी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड हातमोजे व कानांतील बोळे यांची किंमत यंत्राच्या किमतीपुढें अल्प आहे. यंत्र घेतांना घासाघीस करून दहा लिटर पेट्रोलचे पैसे वांचविणारा शेतकरी हा खर्च करूं शकत नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं. तिसरा आक्षेप असा कीं, इतकीं वर्षें यंत्र चालवितों, अद्याप कांहीं झालें नाहीं. पावसाळ्यांत नदी उतरून जाणारा प्रत्येक मनुष्य वाहून जाईपर्यंत हेंच म्हणत असतो.

आतां काय करावें तें थोडक्यांत सांगतों. काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशीं किंवा सकाळीं मालकानें स्वतः काठी घेऊन सारा तुकडा पायांखालीं घालावा. सुटे दगड, तारा, बाटल्या वेंचून काढाव्या. जे दगड हलत नाहींत त्यांच्याशीं काठी रोवून चिंधी बांधावी. काठी आपटीत फिरल्यानें जनावरासही निघून जाण्यास अवधि मिळतो. कापणी चोहोंकडून मध्यें आणूं नये. एका बाजूनें सुरू करून रानाच्या किंवा बांधाच्या दिशेनें जावें, म्हणजे सापास वाट राहते. दिवस मावळल्यावर काम चालवूं नये. मण्यार रात्रीं फिरते.

यंत्र धरणाऱ्यानें पायघोळ विजार व बूट घालावे. लुंगी, गळ्यांतलें उपरणें, सुटा पदर हीं फिरत्या भागाजवळ नकोत. खांद्याचा पट्टा असा बांधावा कीं यंत्राचा भार कमरेवर येईल, आणि अडचणींत एका झटक्यानें यंत्र सोडतां येईल. ढाल कधींही काढूं नये. गवत कोंवळें असेल तर नायलॉनची दोरी व जून असेल तर कारखान्याचें पातें लावावें. तार व साखळी यांस हातही लावूं नये. पातें वरून पाहतां घड्याळाच्या उलट फिरणारें असेल तर उजवीकडून डावीकडे झोंका द्यावा आणि पात्याची डावी बाजू गवतास लावावी. पात्याचा पुढचा उजवा भाग दगडास किंवा खुंटास लागला तर सारें यंत्र जोरानें बाजूस फेंकलें जातें. पायाच्या मोठ्या जखमा या झटक्यानें होतात.

पेंढ्या बांधणाऱ्या बायांस त्याच वेळीं मागें लावूं नये. सकाळीं यंत्रानें एक पट्टा कापावा आणि यंत्र दुसऱ्या टोंकास गेल्यावर पहिल्या पट्ट्याच्या पेंढ्या बांधाव्या. यामुळें वेळ फुकट जात नाहीं, कारण कापलेलें गवत तेवढ्यांत सुकतें. यंत्र धरणाऱ्यास हांक मारावयाची असेल तर मागून जाऊन खांद्यास हात लावूं नये. तो दचकून वळतो आणि पातें त्याच्याबरोबर वळतें. समोर पन्नास फुटांवर उभें राहून हात वर करावा, व यंत्र थांबल्यावर जवळ जावें. गृहसंकुलांत मुलें शाळेंत असतांना हिरवळ कापावी, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास थोपविण्यासाठीं एक माणूस निराळा उभा करावा. त्याची मजुरी मक्त्याच्या रकमेंत आधींच धरावी.

गवत अडकल्यास इंजिन बंद करावें, पातें पूर्ण थांबूं द्यावें, प्लगची टोपी काढावी आणि मगच काठीनें गुंता सोडवावा. पेट्रोल भरतांना इंजिन थंड होऊं द्यावें, बिडी पेटवूं नये, आणि जेथें पेट्रोल भरलें तेथेंच यंत्र सुरू न करतां दहा फूट दूर जावें. वाळल्या गवताची एक ठिणगी सारा माळ खाऊन टाकते. टाकी संपली कीं माणूस बदलावा किंवा विश्रांति द्यावी. अशा यंत्राचा आवाज ८५ डेसिबेलच्या फार वर जातो आणि तो रोज तासन् तास ऐकल्यास बहिरेपण येतें; हादऱ्यानें बोटें बधिर व पांढरीं पडूं लागतात. ही इजा रक्त न काढतां होते, म्हणून कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

सर्पदंश झाल्यास माणसास चालवूं नये, घाबरवूं नये. आंगठ्या, वाळे, घड्याळ काढावें. दंश झालेला अवयव फळी बांधून हलणार नाहीं असा ठेवावा. दोरी आवळणें, जागा कापणें, चोखणें व मांत्रिकाकडे नेणें हे चारही प्रकार जीव घेणारे आहेत. साप मारण्यांत किंवा धरण्यांत वेळ दवडूं नये. लस चौघांवर एकच आहे. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा हातीं असेल त्या वाहनानें निघावें. ठाण्याचें जिल्हा रुग्णालय, कळव्याचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचें रुक्मिणीबाई, डोंबिवलीचें शास्त्रीनगर, उल्हासनगरचें मध्यवर्ती रुग्णालय हीं या बाजूचीं सार्वजनिक रुग्णालयें आहेत. आपल्या शेतापासून सर्वांत जवळ लस कोठें मिळते याची चौकशी हंगामापूर्वींच करून ठेवावी. दंश झाल्यावर ती करण्यास वेळ राहत नाहीं.

शेवटीं आपल्या मंडळाच्या सभासदांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी कीं, प्रत्येक गांवच्या सभासदांनीं मिळून मुखपट्ट्या, बूट व हातमोजे यांचे दोन-तीन जोड मंडळामार्फत एकत्र विकत घ्यावे आणि यंत्राप्रमाणेंच ते हंगामांत पाळीपाळीनें द्यावे. जोड परत आल्याशिवाय यंत्राचें भाडें ठरवूं नये, म्हणजे ते खुंटीवर लटकत राहणार नाहींत. दुसरी अशी कीं, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता अवघा २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या, बँकेंत खातें असलेल्या कोणासही ती घेतां येते. अपघाती मृत्यूस २ लाख व एक डोळा, हात किंवा पाय गेल्यास १ लाख मिळतात. तिचें वर्ष १ जूनला सुरू होतें. आपल्याकडे दरसाल येणाऱ्या गड्याचा हा हप्ता मालकानें मिरगाच्या पेरणीपूर्वीं भरून द्यावा. पुष्कळ मजुरांचीं खातीं अर्धवट पडलेलीं असतात. तीं चालू करून देण्यास बँकेपर्यंत त्याच्याबरोबर जावें. वीस रुपयांत मालकाची जबाबदारी फिटते असें आम्ही म्हणत नाहीं, पण ज्यानें वीस रुपयांचाही विचार केला नाहीं त्यानें जबाबदारीची भाषा बोलूं नये.

बैलाच्या खांद्यास जूं लागून चट्टा पडला तर आमचा शेतकरी त्यास दोन दिवस औतास धरीत नाहीं. हळद-तेल लावतो, जुंवाखालीं चिंधी बांधतो. मुक्या जनावराविषयीं जी कळकळ आमच्या घराण्यांत परंपरेनें आली आहे, तीच यंत्र खांद्यावर घेणाऱ्या माणसाविषयीं दाखविणें कठीण नाहीं. यंदांच्या हंगामांत यंत्राला ढाल, माणसाला मुखपट्टी आणि दोघांभोंवतीं पन्नास फूट मोकळी जागा, इतक्या तीन गोष्टी जरी प्रत्येक सभासदानें आपल्या शेतावर अंमलांत आणल्या, तरी कित्येक घरांवरचें संकट टळेल. त्या आपले वाचक अंमलांत आणतील अशी आम्हांस आशा आहे.